टो-बारवरील ब्रेक केबलचा संरक्षण संच: सात महिन्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

मोटरहोमच्या, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या मोठ्या गाडीच्या, मागे छोटी गाडी चारही चाकांवर ओढून नेण्याच्या ज्या पद्धती आहेत, त्यांपैकी केबलने ब्रेक लावणारी यांत्रिक पद्धत मला सर्वांत भरवशाची वाटते. मोटरहोम मंदावले की मागची गाडी आपल्या वजनाने पुढे रेटते, त्या रेट्याने हिचजवळची (हिच म्हणजे मोटरहोमच्या मागचा ओढण्याचा जोड) सरकती नळी आत दबते, नळीला जोडलेली तरफ पोलादी केबल ओढते आणि ती केबल मागच्या गाडीचे ब्रेक पॅडल खाली घेते. या साखळीत विजेचा किंवा दाबाच्या हवेचा संबंध येत नाही, त्यामुळे बिघडण्यासारखे फारसे काही उरत नाही. जे उरते ते म्हणजे ती केबल, आणि ती मात्र धूळ, पाणी, कच, सततची थरथर आणि प्रत्येक वळण सोसत उघड्यावर धावत असते. ती झिजू नये म्हणून विकत मिळणारा एक संच मी गेले सात महिने वापरतो आहे आणि हा अभिप्राय त्याबद्दल आहे.

संच घेण्याची वेळ का आली, ते आधी सांगतो, कारण त्यावरच माझे बरेचसे मत आधारलेले आहे. एका मुक्कामावर गाडी सोडवताना मी सवयीप्रमाणे सुती फडके केबलवरून ओढले आणि ते टो-बारच्या, म्हणजे गाडी मोटरहोमला जोडणाऱ्या दांड्यांच्या चौकटीच्या, डाव्या दांडीजवळ अडकले. बारकाईने पाहिले तेव्हा एका पेडातल्या चार तारा तुटून बाहेर आलेल्या दिसल्या. केबल अवघी एका हंगामाची होती. ही तपासणी प्रत्येकाने करावी, पण हातमोजे घालून करावी, कारण तुटलेल्या तारेचे टोक सुईसारखे बोटात शिरते. दुरून पाहिले असते तर ती केबल मलाही ठणठणीत वाटली असती. तुटलेल्या चार तारांनी केबल लगेच तुटली नसती, हे खरे आहे. 3.2 मिमी जाडीच्या नव्या स्टेनलेस केबलला तोडण्यासाठी सुमारे 800 किलोग्रॅमचा भार लागतो आणि ब्रेक लावताना पडणारा ताण त्याच्या आसपासही जात नाही. तरीही ज्या जागी चार तारा तुटतात तिथे घासण्याचे कारण कायम असते आणि तुटलेल्या तारांचा भार शेजारच्या तारांवर पडत जातो, म्हणून मी ब्रेकच्या केबलमध्ये तुटलेली एक तार दिसली तरी केबल बदलतो.

संचात पुढील वस्तू आल्या: नायलॉनचे आवरण असलेली नवी स्टेनलेस केबल, आतून टेफ्लॉनचे अस्तर असलेले सुमारे दीड मीटर आउटर (केबल जिच्यातून सरकते ती बाहेरची नळी), हिचच्या वर बसणारा पोलादी कमानीसारखा मार्गदर्शक, खाचेचे दोन रोलर, रबराचे अस्तर असलेल्या सहा क्लिपा, प्लास्टिकचे नागमोडी आवरण आणि केबल अडकवून ठेवण्यासाठी एक आकडा. विक्रेत्याच्या वर्णनात सर्वाधिक जागा त्या नागमोडी आवरणाला दिलेली आहे. माझ्या अनुभवात संचाची खरी किंमत त्या पोलादी कमानीत आणि अस्तराच्या आउटरमध्ये आहे, आणि आवरण हा त्यातला सर्वांत दुबळा भाग आहे.

कमान काय करते हे समजण्यासाठी वळणावर काय घडते ते डोळ्यांसमोर आणावे लागते. माझ्या व्यवस्थेत तरफ मोटरहोमच्या बाजूला आहे आणि केबलला हिचचा जोड ओलांडून गाडीकडे जावे लागते. (ज्यांच्या टो-बारमध्ये तरफ जोडाच्या मागे, म्हणजे दांड्यांच्याच अंगाला असते, त्यांना हा प्रश्न मुळातच येत नाही. त्यांच्या बाबतीत टो-बार आणि गाडी एकत्र वळतात, आणि संचातल्या कमानीचा त्यांना उपयोग नाही.) माझी जुनी केबल जोडाच्या मध्यापासून साधारण 100 मिमी डावीकडून जात असे. मोटरहोम उजवीकडे वळले की डावी बाजू बाहेरची होते आणि तिथला रस्ता लांबतो. वळण 60 अंशांचे असेल तर ही वाढ जवळजवळ 105 मिमी होते, म्हणजे मध्यापासूनच्या अंतराला वळणाच्या रेडियनमधल्या कोनाने (60 अंश म्हणजे सुमारे 1.05) गुणावे इतकी. केबलला एवढी लांबी द्यायची तर इतकी ढील सोडावी लागते की सरळ रस्त्यावर ब्रेक उशिरा लागतो आणि डाव्या वळणावर केबल लोंबून रस्त्याला टेकते. ढील कमी ठेवली तर प्रत्येक उजव्या वळणावर मागच्या गाडीचे पॅडल थोडेसे दाबले जाते, आणि एवढ्या मोठ्या मोटरहोममध्ये बसलेल्या चालकाला त्याचा पत्ताही लागत नाही. मी दोन्ही चुका क्रमाने केल्या आहेत. ढील जास्त ठेवली तेव्हा केबलचे पोट रस्त्यावर घासले आणि ढील कमी केली तेव्हा ती दांडीच्या कडेवर ताणून घासली, म्हणजे झीज थांबली नाही, तिची जागा तेवढी बदलली.

कमान केबलला उचलून बरोबर जोडाच्या उभ्या अक्षावरून नेते. अक्षावरून जाणाऱ्या केबलची लांबी वळणाने बदलत नाही, ती जागच्या जागी वाकते एवढेच. प्रत्यक्षात माझी कमान अक्षापासून साधारण 15 मिमी बाजूला बसली, कारण हिचची पिन मध्ये येत होती. तरीही 60 अंशांच्या वळणावर लांबीतला फरक 16 मिमीच्या आसपास राहतो आणि तेवढी ढील ब्रेकला जाणवत नाही. बसवल्यानंतर मोकळ्या मैदानात मी एका साहाय्यकाला सावकाश मोटरहोम वळवायला सांगून स्वतः बाजूने चालत केबल पाहिली. आधी जी कधी तारेसारखी ताठ तर कधी लोंबती दिसे, ती आता दोन्ही बाजूंच्या वळणांवर सारखीच राहिली. संच विकत घेतल्याचे समाधान मला त्या वेळी झाले. मोटरहोमचा मागचा भाग आणि गाडीचा पुढचा भाग यांच्या उंचीत फार तफावत असेल तर मात्र कमानीचा फायदा अर्धवटच मिळेल. टो-बार जमिनीला समांतर, फार तर 75 मिमीच्या फरकाने असावा, अशी जी सर्वसाधारण सूचना दिली जाते ती ओढण्याच्या सुरक्षिततेसाठी आहे, परंतु केबललाही ती तितकीच लागू पडते, कारण तिरप्या दांडीवर केबल स्वतःच्या ताणाने कडेकडे सरकत राहते.

आता आउटरविषयी लिहितो, कारण बहुतेक जण त्याच्याकडे दुर्लक्ष करतात. केबल जितकी वळते तितका तिचा ओढा वाटेत खर्ची पडतो, आणि हा खर्च वळणांच्या बेरजेनुसार भराभर वाढत जातो. माझ्या जुन्या मार्गात हिचपासून पॅडलपर्यंतची सगळी वळणे मिळून सुमारे 225 अंश होत होती. घर्षणांक 0.2 धरला तर एका टोकाला लावलेल्या ओढ्यापैकी दुसऱ्या टोकाला सुमारे 46 टक्केच पोहोचतो आणि उरलेला भाग केबल व तिला टेकणाऱ्या कडा झिजवण्यात जातो. संचाबरोबर मार्ग नव्याने आखताना मी वळणांची बेरीज 120 अंशांवर आणली. टेफ्लॉनच्या अस्तरामुळे घर्षणांक 0.1 धरता येतो आणि त्या हिशोबाने सुमारे 81 टक्के ओढा पॅडलपर्यंत जातो. येथे एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. वळण मोठ्या गोलाईचे केले म्हणून ओढ्यातली घट कमी होत नाही, ती एकूण कोनावरच ठरते. पण गोलाई मोठी केली की केबलचा दाब जास्त लांबीवर पसरतो आणि झीज कमी होते. म्हणून कोन कमी करणे आणि गोलाई वाढवणे ही दोन वेगवेगळी कामे आहेत आणि दोन्ही करावी लागतात.

हा ओढा इतका महत्त्वाचा का, याचे उत्तर मागच्या गाडीच्या ब्रेकमध्ये आहे. तिचे इंजिन बंद असते, त्यामुळे ब्रेकला हातभार लावणाऱ्या बूस्टरमधली निर्वात पोकळी एक-दोन दाबांत संपते आणि पॅडल दगडासारखे कडक होते. केबलला चालकाच्या नेहमीच्या पायापेक्षा पुष्कळ जास्त जोर लावावा लागतो. वाटेत अर्धा ओढा गमावणाऱ्या मार्गावर तो जोर मिळवण्यासाठी तरफेची जोडणी अधिक आक्रमक ठेवावी लागते, तसे केले की केबलवरचा ताण वाढतो आणि वाढलेला ताण तिला आणखी झिजवतो. आउटर बदलल्यावर मला तरफ एक भोक मागे घेता आली.

संचातली केबल 7×19 बांधणीची आहे, म्हणजे सात पेड आणि प्रत्येक पेडात 19 तारा, एकूण 133. ही बांधणी लवचीक असते आणि वारंवार वाकण्यासाठी योग्य असते, मात्र तिच्या तारा बारीक असल्यामुळे बाहेरून घासले गेल्यास ती 49 तारांच्या 7×7 केबलपेक्षा लवकर हरते. नायलॉनच्या आवरणाने ही उणीव भरून काढली आहे, 3.2 मिमीची केबल आवरणासह 4.8 मिमी होते. या आवरणाबद्दल माझे मत मिश्र आहे. घर्षणापासून ते खरोखर वाचवते आणि साध्या व्हिनाइलच्या आवरणापेक्षा कितीतरी चिवट आहे. पण आवरणाखाली तुटलेली तार फडक्याला लागत नाही, आणि आवरणाला चीर पडून मिठाचे पाणी आत गेले तर स्टेनलेससुद्धा आतल्या आत गंजू लागते, कारण तिथे हवा पोहोचत नाही. म्हणून आवरणावर फुगवटा, तपकिरी डाग किंवा टोचणारे टोक दिसले की केबल बाद करावी, हे सूचनापत्रात ठळकपणे लिहायला हवे होते आणि ते लिहिलेले नाही. टोकाचा फास मात्र नीट केलेला आहे. आवरण सोलून उघड्या तारेवरच फेरूल (फास पक्का करणारी धातूची छोटी नळी) दाबलेले आहे, ते स्टेनलेसला साजेसे तांब्याचे आहे आणि फासात थिंबल (फासाला आतून आधार देणारी धातूची खाच) बसवलेले आहे. आवरणावरूनच फेरूल दाबलेल्या केबली मी पाहिल्या आहेत आणि त्या आवरणातून सरकून निसटू शकतात.

रोलरच्या बाबतीत उत्पादकाने काटकसर केली आहे. खाचेच्या तळाशी त्यांचा व्यास जेमतेम 25 मिमी आहे, म्हणजे केबलच्या जाडीच्या आठपटही नाही, आणि पोलादी केबलच्या कप्पीला याच्या कित्येक पट व्यास असावा असे कोणताही जाणकार सांगेल. केबल इथे काही सेंटिमीटरच सरकते आणि रोलरला थोड्याच कोनात टेकते, म्हणून हे चालून जाते. तरी ती प्रत्येक वेळी त्याच जागी वाकते हे विसरता येत नाही. याहून मोठी अडचण साहित्याची आहे. रोलर नायलॉनचे आहेत आणि नायलॉन पाणी शोषून फुगते. सलग चार दिवसांच्या पावसानंतर पुढचा रोलर आपल्या पिनेवर घट्ट बसला, फिरेनासा झाला आणि केबल त्याच्यावरून घसरू लागली. खाचेत तिने केलेला चट्टा अजून दिसतो. मी दोन्ही रोलर काढून त्याच मापाचे अॅसिटल या दुसऱ्या प्लास्टिकचे बसवले, जे पाण्याने फारसे फुगत नाही, आणि त्यानंतर तक्रार राहिली नाही. हा बदल कारखान्यातच व्हायला हवा होता.

नागमोडी आवरण मी दोन महिन्यांनी काढून टाकले. केबलभोवती गुंडाळलेल्या त्या पट्टीच्या फटींतून बारीक कच आत जाते, बाहेर येत नाही आणि आतल्या आत पॉलिश पेपरसारखे काम करते. मी ते उलगडले तेव्हा त्याखालचे नायलॉन बाकी ठिकाणांपेक्षा जास्त खरवडलेले होते, आणि दोन महिने ते मला दिसलेच नव्हते. जी गोष्ट रोज डोळ्यांनी तपासायची आहे तिला झाकणारे संरक्षण मला मान्य नाही. त्या पट्टीचा तुकडा वापरायचाच असेल तर तो दांडीच्या कडेवर घालावा, म्हणजे झिजायचेच झाले तर पट्टी झिजेल आणि केबल उघडी राहून दिसत राहील. मी तसेच केले आहे.

उष्णतेचा इशारा सूचनापत्रात आहे आणि त्याबद्दल उत्पादकाचे कौतुक करायला हवे. मोटरहोमच्या धुराड्याचे तोंड मागे असेल तर त्याची झळ थेट हिचजवळच्या केबलवर येते, आणि डिझेल इंजिनाचा फिल्टर स्वतःला जाळून स्वच्छ करतो तेव्हा तो धूर फारच तापलेला असतो. टेफ्लॉन ही उष्णता सहज सोसते, नायलॉन काही प्रमाणात सोसते, पॉलिथीनची पट्टी 130 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. माझे धुराडे बाजूला वळलेले असल्याने मला याचा त्रास झाला नाही.

अडकवण्याचा आकडा ही क्षुल्लक वाटणारी वस्तू माझ्या सर्वाधिक उपयोगी पडली. गाडी सोडवून टो-बार मोटरहोमच्या पाठीशी दुमडताना केबल दांड्यांच्या सांध्यात चिमटली जाणे हे झिजेचे एक मोठे आणि दुर्लक्षित कारण आहे. एकदा अशी चेपलेली केबल पुन्हा कधीही पूर्ववत होत नाही. जिथे मुरड पडली तिथेच ती पुढे तुटते. आता दुमडण्यापूर्वी केबल आकड्यावर जाते. गाडीच्या बंपरपाशी राहणारा केबलचा छोटा तुकडा खडखडत घासू नये म्हणून रबरी अस्तराची एक क्लिप तिथेही लावली. क्लिपांचे रबर सात महिन्यांच्या उन्हानेही कडक झालेले नाही.

बसवायला मला एक पूर्ण दिवस लागला. त्यातला निम्मा वेळ इंजिन आणि बैठकीमधल्या पत्र्यातून आउटर पॅडलपर्यंत कमीत कमी वळणांनी नेण्यात गेला आणि तो सत्कारणी लागला असे मी समजतो. आउटरची दोन्ही टोके घट्ट बांधलेली असावीत, नाहीतर ओढ्याबरोबर आउटरच सरकते आणि पॅडल तसेच राहते. आउटरमध्ये ग्रीस किंवा तेल मुळीच घालू नये, टेफ्लॉनला त्याची गरज नाही आणि चिकटलेली कच अस्तर खाऊन टाकते. नवी केबल सुरुवातीला ताणली जाते, कारण तिचे पेड एकमेकांत बसत जातात. माझ्या चार मीटरच्या केबलला पहिल्या तीन प्रवासांत मिळून 20 मिमी ढील आली, म्हणजे अर्धा टक्का, आणि ती दोनदा समायोजित करावी लागली. त्यानंतर ती स्थिर आहे. समायोजन बरोबर झाले का हे पाहण्यासाठी मी पहिल्या थांब्यावर मागच्या गाडीच्या चाकांचे तापमान इन्फ्रारेड तापमापकाने पाहतो. पुढची चाके विनाकारण तापलेली असतील तर केबल ताठ आहे. मागच्या गाडीचा ब्रेक लागला की मोटरहोममध्ये लागणारा लाल दिवा माझ्याकडे आधीपासून होता आणि वळणावर तो लागू नये, ही माझी दुसरी कसोटी. संचात असा दिवा दिलेला नाही, तो असायला हवा होता.

सात महिन्यांनंतर केबलची स्थिती अशी आहे: कमानीवर आवरण किंचित चकाकते, पुढच्या रोलरच्या जागी नखाला जाणवेल इतका खळगा आहे, पट्टीखाली खरवडलेला भाग जसाच्या तसा आहे आणि दांडीच्या कडेवर, जिथे जुन्या केबलच्या तारा तुटल्या होत्या, तिथे केबल आता टेकतच नाही. फासाजवळ गंज नाही. पॅडलला लागणारा ओढा पहिल्या दिवसासारखाच सैल आणि निर्वेध वाटतो. एवढ्या वापरात माझ्या जुन्या केबलचा पेड उसवू लागला होता.

ज्यांची केबल हिचचा जोड ओलांडते आणि जे वर्षातून अनेकदा गाडी ओढतात, त्यांनी हा संच जरूर घ्यावा, रोलर बदलावेत आणि पट्टी बाजूला ठेवावी. ज्यांची तरफ जोडाच्या मागे आहे त्यांना अस्तराचे आउटर आणि चांगल्या क्लिपा सुट्या घेतल्या तरी पुरेल. जे मोटरहोम मागे घेताना गाडी सोडवण्याचा कंटाळा करतात, त्यांच्या केबलला कोणताही संच वाचवू शकणार नाही, कारण मागे जाताना टो-बार कोनात मुडपतो, केबल कमानीबाहेर निसटते आणि त्याच वेळी मागच्या गाडीचा ब्रेकही लागतो.

माझी एक मागणी उत्पादकाकडे शिल्लक आहे. झिजणारी वस्तू केबल आहे, ती दर दोन-तीन हंगामांनी बदलावी लागणार आहे, आणि तरीही फास तयार केलेली केबल सुटी मिळत नाही. पूर्ण संच पुन्हा घ्यावा लागतो. कमान आणि आउटर अनेक वर्षे टिकतील अशा दर्जाचे आहेत. मी त्यांना त्याच मापाची, दोन्ही टोके तयार असलेली सुटी केबल उपलब्ध करून देण्याविषयी लिहिले आहे, आणि तोवर पुढची केबल मापे देऊन तारदोर दाबून देणाऱ्या कारागिराकडून करवून घेणार आहे.